खारं पाणी, कडक ऊन: गोव्याच्या नद्यांत फ्लाय फिशिंगसाठी सामान कसं निवडावं आणि कुठे चुकतं

फ्लाय फिशिंगची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतल्या गोड्या पाण्यासाठी, ट्राउट माशासाठी तयार झालेले आहेत. तो सल्ला जसाच्या तसा उचलून घेतलेलं सामान मांडवी-झुआरीच्या काठावर तीन ठिकाणी मार खातं. उन्हाने लाइन लिबलिबीत आणि चिकट होते, मीठ रीळ खातं, आणि चणक मासा बारीक लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधली दोरी) कापून निघून जातो. यातलं एकही नशिबावर ढकलण्यासारखं नाही. सामान घेतानाच्या चुका आहेत, आणि त्या दुकानात जायच्या आधीच टाळता येतात.

दुकानात माणूस आधी रॉड हातात घेतो, मग रीळ फिरवून बघतो, आणि लाइन शेवटी उरलेल्या पैशांत घेतो. खरा क्रम उलटा हवा. आधी पाणी आणि मासा, मग फ्लाय, त्या फ्लायला वाहून नेणारी लाइन, त्या लाइनला पेलणारा रॉड, आणि सगळ्यात शेवटी रीळ.

कारण सोपं आहे. साध्या गरीला शिशाचं वजन असतं आणि ते वजन दोरी ओढत नेतं. फ्लाय म्हणजे केस, पिसं आणि धागा गुंडाळलेली गरी; तिला स्वतःचं वजन जवळपास नसतंच. इथे लाइनच जड असते. हवेत उलगडते लाइन, फ्लाय तिच्या मागून जाते. म्हणून लाइन चुकली की बाकी कितीही महाग सामान असलं तरी फ्लाय पायाशीच पडते.

आधी पाणी ठरवा

गोव्यात काठावरून किंवा छोट्या होडीतून फ्लाय टाकायला तीन प्रकारचं पाणी मिळतं. पहिलं नदीमुखांचं: शापोरा, तेरेखोल, बेतूलला साळ, काणकोणात तळपण आणि गालजीबाग. दुसरं आतल्या खाड्यांचं, जिथे खारफुटीची मुळं पाण्यात उतरलेली असतात. तिसरं खाजन शेतांच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या) बांधांचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या तोंडाशी. मानशीचं दार भरतीच्या दाबाने मिटतं आणि सुकतीला उघडतं. आतलं पाणी बाहेर येताना सुंगटं (कोळंबी) आणि बारीक मासळी घेऊन येतं, आणि त्या प्रवाहाच्या कडेला चणक दबा धरून उभा असतो. मात्र मानशीवर मासे धरण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जातो. ज्याने तो घेतला आहे त्याला विचारल्याशिवाय तिथे लाइन टाकू नका.

कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि त्याच्या आसपासच्या खाड्यांत मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरायचं नाही, काठाच्या अगदी कडेला बसायचंही नाही. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत मासेमारीचा विचारच नको.

मासे मुख्यतः दोन धरून चला. चणक, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला जिताडा म्हणतात तो: तोंड खरखरीत कानशीसारखं, कल्ल्यांच्या झाकणाची कड सुरीसारखी, आणि गरी लागताच उडी मारून डोकं झटकणारा. दुसरा तामसो: मुळांत आणि खडकांत राहणारा, घास घेतल्या क्षणी घराकडे वळणारा. नदीमुखाशी ट्रेव्हलीही मिळतो. शेवटे सगळीकडे दिसतात, पण ते शेवाळ आणि चिखलातलं बारीक अन्न खातात, फ्लायला क्वचितच येतात. शेवट्यांच्या थव्यावर तासभर फ्लाय टाकून दिवस वाया घालवू नका. त्या थव्याच्या खाली आणि मागे कोण आहे ते बघा.

दिवस निवडताना उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) आणि भांग (लहान भरतीचे दिवस) लक्षात घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं, गढूळ होतं, आणि हलकी फ्लाय खाली जातच नाही. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद, पाणी स्वच्छ. नवशिक्याने भांगाच्या आसपासचे दिवस आणि पहाटेची वेळ धरावी. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की जेमतेम जमलेला कास्टही (फ्लाय फेकण्याचा फटका) मोडतो. हंगाम पावसानंतर, गढूळपणा खाली बसल्यावर, साधारण ऑक्टोबरअखेरपासून सुरू होतो.

फ्लाय: पाच पुरेत

पन्नास फ्लायचा डबा घेण्याचा मोह टाळा. गोव्यासाठी सुरुवातीला पाच प्रकार, प्रत्येकी तीन-तीन नग, म्हणजे पंधरा फ्लाय खूप झाल्या. क्लाउजर मिनो, पांढरा-हिरवा, एक नंबरच्या गरीवर. डिसीव्हर, पांढरा, ७ ते ९ सेंटिमीटर लांब, १/० गरीवर. सुंगटासारखी दिसणारी तपकिरी फ्लाय, दोन नंबरच्या गरीवर. पाण्यावर आवाज करणारा फोमचा गर्गलर. आणि गढूळ पाण्यासाठी पूर्ण काळी, जाडजूड डोक्याची फ्लाय. गढूळ पाण्यात मासा रंगापेक्षा आकृती आणि पाण्यातली हालचाल ओळखतो. काळ्या फ्लायची कड आकाशाच्या उजेडावर ठळक उठते.

क्लाउजर अमेरिकेतल्या बॉब क्लाउजर यांनी १९८० च्या दशकात गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी बांधला. त्याचे धातूचे डोळे गरीच्या वरच्या बाजूला बसवलेले असतात, त्यामुळे पाण्यात तो उलटा होतो आणि गरीचं टोक वर राहतं. मुळं आणि कालवं असलेल्या तळावर हा फार मोठा फायदा आहे. तोटा एकच: ते धातूचे डोळे मागून येताना रॉडच्या टोकावर आपटले तर ग्रॅफाइटला डोळ्यांना न दिसणारी चीर पडते, आणि रॉड पुढे कधीतरी साध्या माशावर कट्कन मोडतो. तेव्हा सगळे कंपनीला दोष देतात. जड फ्लाय टाकताना कास्ट जरा रुंद, अंडाकृती घ्या, मागचा आणि पुढचा फटका एकाच रेषेत नको.

खारफुटीत टाकायच्या फ्लायला गरीच्या टोकासमोर जाड मोनोची (नायलॉनच्या एकेरी दोरीची) छोटी कमान बांधलेली असावी, मुळांत अडकत नाही. गरी खाऱ्या पाण्याची, म्हणजे स्टेनलेस किंवा कथिलाचा मुलामा दिलेली हवी. ट्राउटसाठी बांधलेल्या फ्लायच्या काळपट गऱ्या एका दिवसात गंजतात आणि चणकाच्या तोंडात सरळ होतात. घरी आल्यावर पहिलं काम: प्रत्येक गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सोडताना सोपं जातं आणि स्वतःच्या कानात गरी रुतली तरी डॉक्टर गाठावा लागत नाही.

लाइन: पैसे इथे घाला

लाइनच्या डब्यावर ‘डब्ल्यूएफ-८-एफ’ असं काहीतरी असतं. पहिली अक्षरं आकाराची: पुढचा भाग जाड आणि मागचा बारीक. मधला आकडा वजनाचा. शेवटचं अक्षर तरंगणारी की बुडणारी ते सांगतं. हा वजनाचा आकडा संपूर्ण लाइनचा नाही. फक्त पुढच्या ३० फुटांचा, म्हणजे ९.१४ मीटरचा आहे. प्रमाण वजनं अशी: ६ नंबर म्हणजे १६० ग्रेन, साधारण १०.४ ग्रॅम. ७ नंबर १८५ ग्रेन, १२ ग्रॅम. ८ नंबर २१० ग्रेन, १३.६ ग्रॅम. ९ नंबर २४० ग्रेन, १५.६ ग्रॅम. १० नंबर २८० ग्रेन, १८.१ ग्रॅम.

आता इथली सर्वांत मोठी फसवणूक. उष्ण कटिबंधातल्या खाऱ्या पाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक लाइन मुद्दाम अर्धा ते एक नंबर जड बनवलेल्या असतात. डब्यावर ८ लिहिलेलं, पण पुढचे ३० फूट २३० ते २४० ग्रेनचे. ‘रॉडपेक्षा एक नंबर जड लाइन घ्या, कास्ट सोपा होतो’ हा सल्ला ऐकून ८ च्या रॉडवर ९ ची अशी लाइन घेतली तर प्रत्यक्षात दहाच्या जवळ जाता. रॉड ओल्या दोरीसारखा वाकतो, लूप (हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा) उघडा पडतो, वाऱ्यात फ्लाय मागे येते. डब्यावरचा ग्रेनचा आकडा वाचा. तो नसेल, किंवा लाइन जुनी असेल, तर पुढचे ९.१४ मीटर मोजून ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर गुंडाळी करून ठेवा, उरलेली लाइन शेजारी त्याच उंचीच्या खोक्यावर. टोकाचे पहिले काही सेंटिमीटर सरळ आणि बारीक असतात, ते मोजणीत धरायचे नाहीत.

दुसरी फसवणूक तापमानाची. थंड पाण्याच्या लाइनचा गाभा आणि वरचं आवरण दोन्ही मऊ असतात, नाहीतर थंडीत लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी राहील. तीच लाइन गोव्याच्या उन्हात मेणासारखी होते: रॉडच्या कड्यांना चिकटते, पुढे सरकत नाही, होडीच्या फळीवर ढीग करून गुंतते. डब्यावर ‘ट्रॉपिकल’ किंवा ‘वॉर्मवॉटर’ लिहिलेलं हवं. अशा लाइनचा गाभा कडक असतो. एसी गाडीतून थेट काठावर काढली तर ती जराशी वेटोळी वाटेल. १२-१५ मीटर बाहेर काढून दोघांनी दोन टोकं धरून हळू ताणा, दहा-पंधरा सेकंदांत सरळ होते.

तरंगणारी की बुडणारी? एकच घ्यायची असेल तर तरंगणारी. गर्गलर चालतो, उथळ खाजनात चालते, उचलून पुन्हा टाकायला सोपी. दुसरी घेता येईल तेव्हा इंटरमीडिएट: सेकंदाला साधारण ३ ते ५ सेंटिमीटर बुडते, पृष्ठभागावरचा वाऱ्याचा ओढा आणि तरंगता कचरा चुकवते, आणि दोन मीटर खोलीत फ्लाय सरळ रेषेत ओढता येते. सेकंदाला १५ सेंटिमीटर बुडणारी जड लाइन पुलांच्या खांबांशी खोल पाण्यासाठी ठीक, पण नवशिक्याच्या हातात ती तळाच्या कालवांत अडकून फाटते. एकाच लाइनने सगळं भागवायचं म्हणून अर्धी तरंगणारी, अर्धी बुडणारी घेऊ नका. पहिल्या वर्षी तिने फक्त गोंधळ वाढतो.

लाइनचा जाड पुढचा भाग किती लांब आहे तेही बघा. खाडीत बहुतेक कास्ट १० ते १५ मीटरचे असतात, मागे माड किंवा खारफुटी असते. ९ ते १०.५ मीटरचा आखूड, ठोस पुढचा भाग एक-दोन मागच्या फटक्यांतच रॉड भरतो, म्हणजे फेकण्यापुरता वाकवतो. १४-१५ मीटरचा लांब भाग मोकळ्या किनाऱ्यावर लांब टाकणाऱ्यांसाठी आहे.

रॉड

गोव्यात पहिला रॉड ९ फुटी, ८ नंबरचा, चार तुकड्यांचा. ६ नंबर छोट्या माशांवर मजा देतो, पण क्लाउजर वाऱ्यात टाकता येत नाही आणि चणकाला मुळांपासून वळवता येत नाही. १० नंबर दिवसभर हातात धरून मनगट दुखतं; तो मोठ्या चणकाच्या मागे होडीतून जाणाऱ्याला शोभतो.

‘फास्ट ॲक्शन’ हे शब्द विक्रीसाठी फार वापरले जातात. ताठ रॉड फक्त टोकाशी वाकतो, त्याला वेळेचं अचूक भान लागतं. पहिल्या वर्षात मध्यम-फास्ट रॉड चांगला: मधपर्यंत वाकतो, लाइन मागे उलगडल्याचं हाताला जाणवतं. रॉड तपासताना तीन गोष्टी बघा. कड्यांच्या आतली कड खाऱ्या पाण्यासाठीच्या कठीण धातूची किंवा सिरॅमिकची आहे का. रीळ बसवायची जागा पूर्ण ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची आहे का. लाकडी खाचेवर पितळी कडं दिसायला सुंदर असतं, पण मिठाने कडं घट्ट बसतं आणि रीळ निघत नाही. आणि मुठीच्या तळाशी पोटाला टेकवायचा छोटा बुचाचा गोळा आहे का, मोठ्या माशावर तोच आधार देतो.

रीळ

ट्राउटवर रीळ फक्त लाइन ठेवायची फिरकी असते. इथे मात्र ड्रॅग, म्हणजे मासा लाइन ओढताना तिला अडवणारा ब्रेक लागतो, आणि तो बंदिस्त हवा, म्हणजे पाणी-वाळू आत शिरू न देणारा. ओतीव धातूचं स्वस्त रीळ एकदा खडकावर पडलं की कड वाकते आणि फिरकी घासते. एकसंध धातूतून कातलेलं रीळ टिकतं. मधला दांडा मोठ्या व्यासाचा असला की एका फेऱ्यात जास्त लाइन येते आणि गुंडाळी घट्ट वेटोळी होत नाही.

बजेट दहा भागांत विभागलं तर आमच्या मते रॉडला चार, रिळाला अडीच, लाइनला दोन, आणि उरलेलं लीडर, फ्लाय, पक्कड, चष्मा यांना. साधारण रॉडवर उत्तम लाइन चालते. उलटं चालत नाही.

जोडणी: घरी, दिव्याखाली, घाई न करता

कोणत्या हाताने गुंडाळणार ते आधी ठरवा आणि रिळाचा ड्रॅग त्या बाजूला लावून घ्या. तपासणी: लाइन बाहेर ओढताना अडथळा जाणवला पाहिजे, गुंडाळताना नाही. उलटं लागलेलं रीळ पहिल्याच माशावर मोकळं सुटतं आणि आत लाइनचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो.

मग बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागची बारीक दोरी. २० पौंडी (म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारी) डेक्रॉन, ८ नंबरच्या रिळावर १५० मीटरच्या आसपास. किती मावेल ते अंदाजाने ठरवलं की एकतर रीळ भरून घासतं किंवा अर्धं रिकामं राहतं. अचूक पद्धत उलटी आहे. प्रथम लाइन रिळावर गुंडाळा. तिच्यावर बॅकिंग गुंडाळत जा, फिरकीच्या कडेपासून ५-६ मिलिमीटर जागा उरेपर्यंत. तिथे कापा. आता सगळं सोडवून बॅकिंग एका रिकाम्या फिरकीवर आणि लाइन दुसऱ्या फिरकीवर घ्या. बॅकिंगचं जे टोक मोकळं आहे ते रिळाच्या दांड्याला बांधायचं.

बांधायला आर्बर गाठ: दोरी दांड्याभोवती फिरवा, टोकाने मूळ दोरीभोवती साधी गाठ मारा, टोकाशी आणखी एक साधी गाठ, ओढा. गुळगुळीत दांड्यावर बॅकिंग सरकू नये म्हणून आधी चिकटपट्टीचा एक वेढा द्या. गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यातून दाबून सोडा आणि डावी-उजवीकडे समान पसरा. सैल गुंडाळलेलं बॅकिंग मासा धावला की स्वतःच्या थरांत रुतून अडकतं, आणि जो कमकुवत दुवा असेल तो तुटतो.

लाइनचं कुठलं टोक बॅकिंगला जोडायचं? फिरकीवर ‘हे टोक रिळाकडे’ अशा अर्थाची चिठ्ठी असते. ती न बघता जोडली तर जाड भाग आत जातो आणि बारीक भाग पुढे येतो. मग लाइन १०-१२ मीटरच्या पुढे जात नाही आणि माणूस महिनाभर आपल्या हाताला दोष देतो. लाइन मूळ फिरकीवरून घेताना फिरकी पेन्सिलवर अडकवून फिरू द्या. बाजूने वेढे ओढून काढले तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ लाइनमध्ये बसतो.

लाइनला मागे लूप असेल तर बॅकिंगच्या टोकाला दुहेरी सर्जन गाठीने २०-२५ सेंटिमीटरचा मोठा लूप करा, एवढा की पूर्ण फिरकी त्यातून जावी. त्यामुळे लाइन बदलताना गाठ कापावी लागत नाही. लूपात लूप अडकवताना दोन्ही एकमेकांत हात मिळवल्यासारखे सपाट बसले पाहिजेत, चौकोनी गाठीसारखे. एक लूप दुसऱ्याच्या मानेला फास मारून बसला असेल तर तो लाइनचं आवरण कापेल. सोडवून पुन्हा घाला.

लीडर

ट्राउटच्या बारीक, साडेतीन मीटर लांब लीडरला इथे काम नाही. घरी बांधायचा असा: जाड टोकाला ४० पौंडी मोनो १२० सेंटिमीटर, त्यापुढे ३० पौंडी ६०, मग २० पौंडी ५०, आणि शेवटी फ्लायच्या आधी ४० पौंडी फ्लोरोकार्बन ४० सेंटिमीटर. एकूण २.७ मीटर. ४०-३० आणि ३०-२० हे तुकडे ब्लड नॉट नावाच्या गाठीने जोडा, दोऱ्यांची जाडी जवळजवळ सारखी असते तोवर ती सुबक बसते. २० ला ४० जोडताना जाडीत फरक पडतो, तिथे दुहेरी सर्जन गाठ. मधला २० पौंडी भाग मुद्दाम सर्वांत कमकुवत ठेवलेला आहे: फ्लाय मुळात अडकून ओढावी लागली तर तिथेच तुटेल, लाइन आणि रॉड वाचतील. शेवटचा जाड तुकडा चणकाच्या तोंडासाठी आणि कल्ल्यांसाठी. इसवण (सुरमई) यायची शक्यता असेल तर तेवढ्या भागात बारीक तार लागते.

बुडणाऱ्या लाइनला लांब लीडर लावला तर लाइन खाली आणि फ्लाय वर तरंगते. तिथे सगळा मिळून १.२ ते १.५ मीटरच ठेवा. गर्गलर चालवताना शेवटचा तुकडा मोनोचा घ्या. फ्लोरोकार्बन बुडतो आणि फ्लायचं नाक खाली ओढतो.

फ्लाय बांधताना घट्ट गाठ मारली तर जाड दोरी तिला ताठ धरते आणि ती मेल्यासारखी येते. न सरकणारा लूप करा: टोकापासून २० सेंटिमीटरवर सैल साधी गाठ, टोक गरीच्या डोळ्यातून घालून त्याच सैल गाठीतून परत, मूळ दोरीभोवती चार वेढे, पुन्हा सैल गाठीतून, थुंकी लावून हळू आवळा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने मोनो कमजोर होतो, आणि मासा गेल्यावर दोरीच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ दिसतो. तो दिसला की दोष गाठीचा समजा.

ड्रॅग मोजा, हाताने अंदाज नको

२० पौंड म्हणजे ९ किलो. ड्रॅग त्याच्या पावपट, साधारण २.२ किलो. बॅगा तोलायचा हातातला काटा लाइनला अडकवून रिळातून सरळ ओढा, वाकलेल्या रॉडमधून नको. फिरकी २.२ किलोला सरकू लागली पाहिजे, आणि झटके न देता. तामशाच्या मुळांजवळ ३ किलोपर्यंत चालेल. बहुतेकांचा ड्रॅग मोजल्यावर एक किलोही भरत नाही, म्हणूनच मासा पहिल्या तीन सेकंदांत मुळांत शिरतो. आणि घास लागल्यावर रॉड वर उचलायचा नाही, ट्राउटची ती सवय इथे सोडा. रॉड पाण्याकडे ठेवून डाव्या हाताने लाइन मागे खेचा. वर उचललेला रॉड गरी तोंडातून बाहेर काढतो.

मैदानावर आधी, नदीवर नंतर

पहिला कास्ट नदीवर करू नका. सकाळी फुटबॉलच्या मैदानावर, गवतावर, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. चिऱ्यांच्या अंगणात किंवा सिमेंटवर नको, आवरण खरवडतं. कापणी झालेल्या शेतातले खुंटही लाइन फाडतात.

रॉड जोडताना तुकडे पाव वळसा तिरके घालून दाबत सरळ रेषेत आणा. कड्या एका ओळीत आल्या पाहिजेत. सांध्यावर मेणबत्तीचं मेण हलकंसं घासा, सुटत नाही आणि अडकत नाही. दर अर्ध्या तासाने सांधे हाताने चाचपा. मोडलेल्या बऱ्याच रॉडांमागे सैल झालेला सांधा असतो. लाइन ओवताना टोक नव्हे, लाइनचा दुमडलेला वळसा ओवा. हातातून सुटला तर कडीत अडकून राहतो, सगळी लाइन परत खाली येत नाही. घरात छताच्या पंख्याखाली रॉड जोडू नका, आणि गाडीच्या दारात टोक ठेवू नका.

एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. खाडीकाठच्या रस्त्यांवर विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. वर बघितल्याशिवाय रॉड उभा करू नका. ऑक्टोबरच्या दुपारी गडगडाट ऐकू आला तर रॉड खाली ठेवून काठ सोडा.

पाणी कोमट असतं, त्यामुळे रबरी वेडर (पाण्यात उतरताना घालायची उंच, पाणी न शिरणारी पँट) लागत नाही. आत घाम साठतो आणि पडलात तर पाणी भरतं. लांब सुती-नायलॉन पँट आणि जाड, कडक तळाचे बूट घ्या. चप्पल किंवा क्रॉक्स नकोत, चिखल ती ओढून घेतो आणि कालवांनी पाय कापला की जखम लवकर पिकते. वाळूवर चालताना पाय न उचलता घसटत न्या. वाळूत पुरलेली वाघळी (नांगी असलेला चपटा मासा) आधी सरकते, तिच्यावर पाय पडत नाही. पोलराइज्ड चष्मा तपकिरी काचेचा, तो मागून येणाऱ्या गरीपासून डोळेही वाचवतो. खारफुटीच्या काठावर लाइन पायात न येण्यासाठी कमरेला बांधायची टोपली हवी. कपड्यांची उथळ प्लास्टिक टोपली आणि जुना पट्टा यांतून ती घरी होते. तळाला पाणी जायला भोकं पाडा. होडीत असाल तर दोरी बांधायच्या खुंट्यांवर ओलं फडकं टाका, नाहीतर नेमक्या क्षणी लाइन तिथेच अडकते.

डासांचं मलम हाताला लावून लाइन धरू नका. त्यातल्या डीईईटीने प्लास्टिकचं आवरण विरघळतं, लाइन चिकट आणि भेगाळ होते. मनगटापर्यंतच लावा, बोटं पुसा.

परत आल्यावर

त्याच दिवशी, जेवायच्या आधी. रॉड आणि रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. पाइपाचा जोर नको, तो मीठ आतल्या सांध्यांत ढकलतो; बादलीत तासभर बुडवूनही ठेवू नका. रीळ धुताना ड्रॅग घट्ट ठेवा, धुऊन झाल्यावर पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी झटके देतात. लाइन १५ मीटर बाहेर काढून सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या सुती फडक्यातून ओढा. फडकं काळं होईल, तो खाजनाचा चिखल आहे आणि तोच कड्या घासतो. रॉड पूर्ण वाळल्याशिवाय नळीत घालू नका. पावसाळ्यात तर नळीचं झाकण उघडंच ठेवा, बुचाच्या मुठीवर बुरशी येते.

वापरलेल्या फ्लाय कोरड्या डब्यात परत जाऊ नयेत. वेगळ्या छोट्या भोकाच्या डबीत ठेवा, घरी धुवा, पंख्याखाली रात्रभर वाळवा, मग डब्यात, सिलिकाच्या पुडीसोबत. एकच गंजलेली गरी शेजारच्या दहा फ्लायच्या पांढऱ्या केसांवर तांबडा डाग सोडते, आणि तिचं टोक बोथट झालेलं असतं. टोक नखावर हलकं टेकवून बघा: घसरलं तर कानशीने दोन-तीन हात मारा, नाही जमलं तर ती फ्लाय टाकून द्या.